स्टार्टरचं कपाळ

माझ्या सासूबाईंचा अखेरपर्यंत असा समज होता, की मी कंपनीत रांगोळ्या काढते. एकदा मी ट्रेसिंगचा एक बाद तुकडा कासारवाडीच्या खोलीवर आणून त्यांना दाखवला होता. वर्तुळं, रेघा, ठिपके. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि शेजारच्या बायकांना सांगून टाकलं, "आमची सून रांगोळी काढते आणि पगार आणते." मी पुष्कळ समजावलं, पण मनातून मला त्यांचं पटत होतं. रांगोळी काढणारी बाई निदान आपल्या मनाची काढते. ट्रेसर दुसऱ्याने काढलेली गिरवतो.

बाहेरच्यांना हे काम माहीत नसतं म्हणून सांगते. इंजिनियर पेन्सिलीने कागदावर एखाद्या भागाचं चित्र काढतो. त्यावर मेणचट, आरपार दिसणारं कापड पसरून ट्रेसरने ते शाईने गिरवायचं. मग त्यावरून निळ्या छापील प्रती निघतात आणि त्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांवर काम चालतं तिथे, जातात. शाईचा एक थेंब सांडला तर ब्लेडने खरवडत बसायचं. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात डिझाइन कोणी केलं, ड्रॉइंग कोणी काढलं, ट्रेस कोणी केलं, ते लिहायचं. माझं अक्षर चांगलं, म्हणून ती चौकट माझ्याकडे असे. दुसऱ्यांची नावं मी इतक्या वर्षांत इतक्या देखण्या अक्षरात लिहिली आहेत, की त्यांच्या लग्नपत्रिकांतही ती तशी छापली नसतील.

साठीचं दशक सुरू होत होतं आणि चिंचवडला शेतांतून कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, तेव्हा मी नोकरीला लागले. आमची कंपनी विजेच्या मोटारींचे स्टार्टर बनवायची. स्टार्टर म्हणजे मोटारीशेजारी भिंतीवर असते ती लोखंडी पेटी. हिरवं बटण दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद. तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. वीज गेली आणि परत आली, तर मोटार आपोआप सुरू होऊ नये, माणसाने येऊन बटण दाबलं तरच व्हावी, ही तिची राखणदारी. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

आमच्या पेटीचं ड्रॉइंग परदेशी कंपनीकडून करार करून आणलेलं होतं. तिकडच्या स्वच्छ, कोरड्या कारखान्यातल्या भिंतीसाठी ती उत्तम होती. पण सत्तरीच्या सुमारास चाकणकडच्या गावांत विहिरीविहिरीवर वीज आली आणि आमची पेटी कांद्याच्या वावरात गेली. एकदा विक्री विभागाबरोबर मीही पाहायला गेले. एक शेतकरी विहिरीवरून ओल्या हातांनी आला, त्याने कुडात खोचलेलं जोंधळ्याचं धाट काढलं आणि लांब उभं राहून त्याने बटण टोचलं. पुढच्या विहिरीवर धाटाऐवजी वहाण होती. मी विचारलं, तर म्हणाले, "बटान केवढुसं! बोट घालाया जावं आन् झटका बसला म्हंजी?"

परत आल्यावर मी आमच्या चीफ ड्राफ्ट्समनना, देवधर साहेबांना म्हटलं, "साहेब, पेटी शेतकऱ्याच्या हाताला लागतच नाही. आपण विकतो स्टार्टर आणि ते वापरतात धाट." देवधर साहेब मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत होते. शिस्तीचे गृहस्थ, रबरसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवत. म्हणाले, "मग तुम्ही काढा."

त्यांना वाटलं असावं, मी गप्प बसेन. मी काढलं. बटणं तळहाताने दाबता येतील एवढी मोठी, गोल, पुढे आलेली, बेकेलाइटची, म्हणजे हात ओला असला तरी झटक्याची भीती नाही. झाकणाला स्क्रूऐवजी वहाणेच्या टाचेनेही उघडेल असा खटका. अख्ख्या पेटीचं, आमच्या कंपनीत स्वतःचं असं निघालेलं हे पहिलंच ड्रॉइंग. चौकटीत डिझाइनपुढे मी कुणाचं नाव लिहू, असं विचारलं, तर साहेब म्हणाले, "सध्या माझं लिहा. वरचे लोक ट्रेसरबाईचं नाव बघून पुढे वाचणार नाहीत. पेटी बाजारात टिकली, तर पुढच्या आवृत्तीत तुमचं. नाही टिकली, तर परदेशी ड्रॉइंग आहेच, आणि तुमचं गिरवणंही आहे."

मला तो सौदा मान्य होता. माझ्या पेटीबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही.

पेटी खपली. चाकणला उस्मानभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचे. त्यांनी ती स्वतःच्या शब्दावर गावोगाव बसवली. पुनावळ्याच्या एका गिऱ्हाइकाने तर पेटी उलटी टांगून घेतली, कारण त्याच्या आईचा हात वरच्या हिरव्या बटणापर्यंत पुरत नव्हता. मला ते फार आवडलं. आपल्या वस्तूशी लोक असे घरच्यासारखे वागू लागले, की समजावं, ती त्यांची झाली.

मग तक्रारी सुरू झाल्या. आधी एखाददुसरी, पावसाळ्यात वाढल्या. तक्रार एकच: लाल बटण दाबलं की मोटार थांबते, हात काढला की पुन्हा चालू! एका गावात पेटीवर लिंबू-मिरच्या टांगल्या, एकाने देवऋषी आणला. आम्ही परत आलेल्या पेट्या उघडल्या. हिरवं बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकून बसलेलं, म्हणजे जणू कोणी ते सतत दाबून धरलंय, आणि त्याच्या फटीत तांबूस, चिकट चोथा. सगळ्यांचं एकमत झालं: गंज. विहिरीजवळची दमट हवा, दुसरं काय असणार? आतल्या स्प्रिंगला चांगला मुलामा दिला, नव्या स्प्रिंगा पाठवल्या. पण बटणं अडकायची थांबेनात.

घटस्थापनेच्या आसपासची गोष्ट. उस्मानभाई चाकणहून थेट आमच्या ड्रॉइंग ऑफिसात आले. एरवी दारातूनच "सलाम बाई, चहा पाजता का?" म्हणणारा माणूस, त्या दिवशी सरळ आत आला आणि त्याने माझ्या बोर्डावर, ताज्या ट्रेसिंगवरच, एक चिंध्यांचा पिळा ठेवला. ग्रीजने काळा झालेला पंचा होता.

"गेनुभाऊचा आहे, माझ्या गिऱ्हाइकाचा," ते म्हणाले. "वीज गेली, मोटार थांबली. तो पंपाजवळ बसून पुसत होता. त्याला काय माहीत बटण अडकलंय? वीज आली तशी मोटार फिरली. पंचा हातातनं ओढून नेला. बाई, पंच्याच्या जागी हात असता तर मी चाकणात तोंड दाखवलं नसतं. तो माझ्या शब्दावर घेऊन गेला होता, तुमच्या नाही."

देवधर साहेब उठून आले. पंचा बघून त्यांचाही चेहरा उतरला. म्हणाले, "उस्मानभाई, चूक आम्ही शोधतो."

"शोधा की. पण तोवर मी काय करू? कुणाकुणाच्या विहिरीवर जाऊन बसू?"

राखणीला ठेवलेल्या वस्तूनेच घात करायचा, हे मला सहन होईना. मीच म्हटलं, कारण सापडेपर्यंत एकही नवी पेटी बाहेर जायला नको. वरून हुकूम आला तो त्याच्या पुढचा: दिवाळीनंतर ही पेटी बंद, परदेशी ड्रॉइंग पुन्हा सुरू. म्हणजे धाटं आणि वहाणा परत, आणि मी परत शाईच्या दौतीकडे. त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि सासूबाईंवर उगीच ओरडले. भाजी त्यांनीच केली होती, ती चांगलीही झाली होती.

मग आली खंडेनवमी. कारखान्यात राहिलेल्या माणसाला हा दिवस सांगावा लागत नाही. मशिनं बंद, धुऊन-पुसून लख्ख, झेंडूचे हार, उदबत्त्यांचा धूर, आणि एरवी ओळख न देणारा मॅनेजर कामगाराच्या हातून पेढा खातो. आमच्याकडे बायका मोजक्याच, त्यामुळे मशिनांना हळदकुंकू लावायचा मान दरवर्षी माझ्याकडे. ताटात हळद, कुंकू, अक्षता, नारळाचं पाणी, मोटारगाड्यांच्या चाकांखाली ठेवायला लिंबं. मी लेथला लावलं, ड्रिलला लावलं, मोठ्या प्रेसपाशी आले. ओलं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि हात आपोआप वर गेला.

बोट हिरव्या बटणावर होतं.

मी तिथेच थबकले. मागे वळून पाहिलं. लेथच्या हिरव्या बटणावर कुंकू. ड्रिलच्या हिरव्या बटणावर कुंकू. मागच्या वर्षी, त्याच्या आधीच्या वर्षी मी आणखी कुठे लावलं असणार? मशिनला कपाळ कुठे असतं, असं मला कोणी शिकवलं नव्हतं. जिथे मशिन जागं होतं, जे गोल आहे, समोर आहे, नजरेच्या उंचीला आहे, तिथेच बोट जातं. आणि मी तर माझ्या पेटीला इतकं मोठं, इतकं गोल कपाळ दिलं होतं, की ते रिकामं ठेवणं कुणाही घरच्या बाईला जिवावर आलं असतं. नवी पेटी बसवली की नारळ, कुंकू. श्रावणात कुंकू. अमावास्येला कुंकू.

"साळवीबाई, पुढचं मशिन," देवधर साहेब म्हणाले.

"साहेब, तो गंज नाही."

"काय?"

मी ताट त्यांच्याच हातात दिलं, त्यातलं एक लिंबू उचललं आणि स्टोअरकडे निघाले. साहेब ताट घेऊन माझ्या मागे. लोक हसायला लागले, त्यांना ते विधीतलंच काही वाटलं असेल. परत आलेल्या पेटीचं एक बटण मी उपसून काढलं, फटीतला तांबूस चोथा कागदावर खरवडला आणि लिंबू चिरून पिळलं. आमच्याकडचं कुंकू हळदीचं. हळदीला चुन्याचा हात लागला की ती लाल होते आणि आंबट लागलं की परत पिवळी. हे घरात प्रत्येक बाईला ठाऊक असतं. गंज काही केल्या पिवळा होत नाही.

चोथा पिवळा झाला. देवधर साहेबांनी ताट एका हातावर तोलून तो कागद उजेडाकडे धरला.

"पण मग आपल्या मशिनांची बटणं का अडकत नाहीत?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्या नाकात होतं. दसऱ्यानंतर कामाला लागलं की पहिला दिवसभर शॉपमध्ये रॉकेलचा वास असतो, कारण मेंटेनन्सवाले सगळी मशिनं फडक्याने पुसून काढतात. आमचं कुंकू आम्ही सरकारी खाक्याने पुसतो. शेतकऱ्याच्या घरची बाई लावलेलं कुंकू का पुसेल? ती उद्या त्यावर आणखी लावणार. तूप, नारळाचं पाणी, हळद, पुन्हा कुंकू, वर ऊन. त्यापेक्षा सिमेंट बरं.

मला आजही नवल वाटतं ते याचं, की आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक त्या चोथ्याला महिनोन्‌महिने गंज म्हणत होतो, आणि त्यातली मी रोज सकाळी आरशासमोर तेच कपाळाला लावून कामाला येत होते.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "माहितीपत्रकात ठळक छापू. बटणास कुंकू लावू नये."

"साहेब, ताट कुणाच्या हातात आहे?"

त्यांनी हातातल्या ताटाकडे पाहिलं. मग हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना क्वचितच पाहिलं होतं.

"बरं. मग बटणावर रबराची टोपी घालू."

"उन्हाने तडकेल. आणि कुंकू टोपीला लावतील, ते तडकलेल्या जागेतून आत जाईल. साहेब, लोक कुंकू लावणारच. आपण त्यांना जागा देऊ या."

दसरा ते दिवाळी हे दिवस मी माझ्या नोकरीतले सगळ्यात आनंदाचे दिवस मानते. हिरवं बटण मी गोल ठेवलं नाही, आडवं लांबट केलं. तळहाताला तेच, पण लांबट वस्तूला कोणी टिळा लावत नाही. त्याच्याभोवती उतरतं कडं घातलं, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी बाजूने जाईल. आणि बटणांच्या बऱ्याच वर, पेटीच्या ऐन मध्यभागी, पत्रा आतून ठोकून एक गोल उठवला. जुन्या रुपयाएवढा, गुळगुळीत, कोरा. त्याला काही काम नव्हतं. यंत्राच्या दृष्टीने तो पूर्ण निरुपयोगी होता, आणि साऱ्या पेटीत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग तोच होता. थोडा खाली घेतला तर बटणांच्या कुटुंबातला वाटायचा, थोडा वर नेला तर नटबोल्टचं झाकण वाटायचा.

टूलरूमने मोजक्या पेट्या हाताने ठोकून दिल्या. उस्मानभाईंनी दुकान बंद ठेवून आधी जुन्या पेट्यांची बटणं रॉकेलच्या फडक्याने साफ करत गावं पालथी घातली, आणि मग नव्या पेट्या बसवल्या. पहिली गेनुभाऊंच्या विहिरीवर. मी बजावून ठेवलं होतं, "गोल कशासाठी आहे, कुणालाही सांगायचं नाही."

"पण बाई, सांगितलं तर काम सोपं होईल ना!"

"जी वस्तू सांगावी लागते ती अजून झालेली नसते, उस्मानभाई."

"हे मला नका सांगू, गिऱ्हाईक मला शिव्या घालतं," असं पुटपुटले, पण त्यांनी शब्द पाळला. देवधर साहेबांनीही वरच्यांकडून दिवाळीच्या पाडव्यापर्यंतची मुदत मागून घेतली होती. पाडव्याला शेतकरी आपल्या अवजारांना, मोटारींना ओवाळतो. त्या दिवशी काय ते कळणार होतं.

पाडव्याला सकाळी घरचं ओवाळणं उरकून मी नाशिक फाट्यावर एसटी धरली. सासूबाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी कुठे रांगोळी काढायला निघालीस?" मी हसले आणि निघाले. चाकणला उस्मानभाई उभे होते. आम्ही एकेक विहीर करत निघालो. पहिल्या ठिकाणी कुंकू गोलावर, नीट मधोमध. दुसरीकडे गोलावरही आणि बटणावरही, म्हणजे त्या घरात कुणाला वगळायची रीतच नसावी. पण उतरत्या कड्यामुळे बटण मोकळंच होतं. तिसरीकडे पेटीला काहीच नाही, सगळं कुंकू मोटारीला. मग पुन्हा गोलावर. पुन्हा गोलावर. उस्मानभाई प्रत्येक विहिरीवर माझ्याकडे बघून मान हलवत होते, जणू त्यांनीच पत्रा ठोकला होता.

गेनुभाऊंची विहीर शेवटी. आम्ही पोचलो तेव्हा पूजा व्हायचीच होती. गेनुभाऊ नवा पंचा खांद्यावर टाकून उभे होते. त्यांच्या घरच्या, पार्वताबाई, ताट घेऊन खोपटात आल्या. मला बाजूला सरायला सांगितलं. पंपाला कुंकू लावलं, मोटारीला लावलं, आणि पेटीसमोर आल्या. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. बोट सरळ गोलावर गेलं. हळद, कुंकू, अक्षता. मग हिरवं बटण तळहाताने दाबलं. मोटार सुरू झाली, पाटात पाणी आलं. लाल दाबलं, थांबली. हात काढला.

थांबलेलीच राहिली.

गेनुभाऊंनी तेवढ्यावर भागवलं नाही. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली, आणि मग हळूच पुढे होऊन पंपाला हात लावला. त्याच हाताने पंचा सारखा केला.

पार्वताबाई ताट घेऊन माझ्याकडे वळल्या. सणाच्या दिवशी दारात आलेल्या सवाष्णीला कुंकवाशिवाय कशा पाठवतील? त्याच बोटाने त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि विचारलं, "तुमी काय करता, ताई, कंपनीत?"

इतकी वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं: दुसऱ्यांनी काढलेलं गिरवते. त्या दिवशी मी म्हटलं, "ही पेटी मी केली."

त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नवऱ्याकडे वळल्या. "बगा! मी ह्यान्ला म्हनलंच व्हतं, ही पेटी कुन्या बाईनं केल्याली दिसती. बाप्यांनी टिळ्याला जागा ठिवली नसती."

"व्हय, म्हनली व्हती," गेनुभाऊ म्हणाले. "मी म्हनलं, तुजं आपलं कायतरीच!"

उस्मानभाईंनी तोंड फिरवून खाकरल्यासारखं केलं. मला मात्र रडू आलं, ते मी लपवलं नाही.

भाऊबीज उरकून ऑफिसात गेले, तर माझ्या बोर्डावर नव्या आवृत्तीचं कापड देवधर साहेबांनी स्वतः ताणून लावलेलं होतं. उस्मानभाईंचा फोन आला असावा. नुसतं कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "पहिल्यांदा हे लिहा. मग बाकीचं."

मी पेन शाईत बुडवलं आणि डिझाइनपुढे माझं नाव लिहिलं. तिथे इतक्या लोकांची नावं लिहिलेल्या या हाताने स्वतःचं नाव वेडंवाकडं काढलं. देवधर साहेबांनी ब्लेड पुढे केलं. मी ते परत त्यांच्या टेबलावर ठेवलं, कडेला समांतर, आणि बाकीचं काढायला घेतलं.